उपाशीपोटी यावे

रुग्णालयातून मिळणाऱ्या चिठ्ठीवर जी वाक्ये पुन्हा पुन्हा लिहिलेली आढळतात, त्यांत ‘उपाशीपोटी यावे’ हे वाक्य बहुधा सर्वांत लहान आणि सर्वांत सहज मोडले जाणारे होय. ते मोडणारी माणसे बेफिकीर असतात असे मुळीच नाही. उपाशी या शब्दाचा त्यांना ठाऊक असलेला अर्थच निराळा असतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी चालते, शेंगदाण्याचा लाडू चालतो आणि चहाला तर बहुतेक कोणत्याच उपासात मज्जाव नसतो. ज्या घरात असा उपास पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे, त्या घरातील आजीबाईंनी शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे अर्धा कप दुधाचा चहा घेतला, तर त्यात नवल ते कोणते?

सुरत शहरातील कतारगाम हा भाग एके काळी पापडीच्या मळ्यांसाठी ओळखला जाई. उंधियूत पडणारी कतारगामची पापडी आजही तिच्या गावाच्या नावानेच मागितली जाते. आता तेथे हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने आणि माणसांनी गजबजलेल्या इमारती आहेत. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशातील कितीतरी मराठी कुटुंबे या शहरात पोटासाठी आली. त्यांची मोठी वस्ती उधना आणि लिंबायत या बाजूला आहे. परंतु कतारगामच्या चाळींतूनही अहिराणी बोलणारी घरे भेटतात. अशाच एका घरातील प्रसंग पुढे ठेवला आहे. तो कोणा एकाच घराचा नाही. थोड्याफार फरकाने तो अनेक घरांत घडत असतो.

मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसतो. मजुरी नगावर असल्यामुळे ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी दाम नाही. जळगाव जिल्ह्यातील गावाहून आई त्याच्याकडे राहावयास आली. तेलकट जेवण झाले की तिच्या उजव्या बरगडीखाली कळ येई. सुरतेत दवाखान्यांची वाण नाही. मजुरा गेटजवळ सरकारी सिव्हिल रुग्णालय आहे, उमरवाड्यात महानगरपालिकेचे स्मीमेर आहे, आणि खुद्द कतारगामात २०१७ साली सुरू झालेले किरण रुग्णालय आहे. या मायलेकांनी त्यांतील कोणते गाठले, की आणखी कोणते, याला येथे महत्त्व नाही. बाह्यरुग्ण विभागाची रांग सर्वत्र सारखीच असते, आणि त्या रांगेच्या शेवटी डॉक्टरांपुढे मिळणारी मिनिटेही सर्वत्र थोडीच असतात. त्या चार मिनिटांत काय सांगावयाचे हे रांगेत उभे राहून ठरत नाही. ते आदल्या संध्याकाळी घरीच ठरवावे लागते.

पहिली अडचण भाषेची. मराठी आणि गुजराती या भाषा इतक्या जवळच्या आहेत की त्यांतील अंतर लक्षातच येत नाही, आणि घोटाळा होतो तो त्यामुळेच. मराठी माणूस अंगात ताप आहे म्हणतो. गुजरातीत ‘ताप’ म्हणजे ऊन, आणि ज्वराला तेथे ‘ताव’ म्हणतात. जिना चढताना दम लागतो असे मराठी बाई सांगते. गुजरातीत ‘दम’ हे दम्याच्या विकाराचेच नाव आहे. कावीळ तेथे ‘कमळो’ होते आणि गोवर ‘ओरी’ होतो. डॉक्टर हुशार असतात, हिंदीचा आधार असतो, पुष्कळदा निभावून जाते. परंतु पूर्वी कावीळ होऊन गेली आहे काय, या प्रश्नाला रुग्णाने न समजता मान हलविली, तर ती मान केसपेपरवर उत्तर म्हणून नोंदली जाते. म्हणून दोन्ही भाषा जाणणारे एक माणूस बरोबर असावे हे उत्तम. ते नसेल तर दुखणे नावाने न सांगता वर्णनाने सांगावे: कोठे दुखते ते बोटाने दाखवावे, कधीपासून दुखते, काय खाल्ल्यावर दुखते, किती वेळ टिकते, कळ पाठीकडे किंवा खांद्याकडे जाते काय. पित्ताशयात खडे असले की कळ उजव्या खांद्यापर्यंत जाऊ शकते. आणि खांद्याचे दुखणे वेगळे समजून आजीबाई ते सांगतच नाहीत!

दुसरी अडचण कागदांची. हिऱ्याच्या धंद्यात कागदाच्या पुडीवर वजन लिहिल्यावाचून माल एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. घंटीवर बसणारा हा मुलगा दिवसभर असल्या पुड्या डोळ्यांत तेल घालून सांभाळतो. आईचे कागद मात्र त्याने एका पिशवीत कोंबून आणले होते. दोन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासणीचे अहवाल, औषधांच्या दुकानाची बिले आणि त्यांतच भाचीच्या लग्नाची पत्रिका. डॉक्टरांनी त्यांतून हवा तो कागद शोधेपर्यंत चारांपैकी दोन मिनिटे संपली. कागद तारखेच्या क्रमाने लावून, जुना खाली आणि नवा वर असे एका फाइलीत ठेवणे हे काम शाळेत जाणारे मूलही करू शकते. औषधांच्या बाबतीत तर रिकामी झालेली पाकिटेच बरोबर न्यावीत. ‘सकाळची पांढरी आणि रात्रीची गुलाबी’ एवढ्या वर्णनावरून जगातील कोणताही डॉक्टर गोळी ओळखू शकणार नाही.

असो. तपासण्या झाल्या, खडे निघाले, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करण्याचे ठरले, तारीख मिळाली, चिठ्ठीवर ते लहान वाक्य आले. ठरल्या दिवशी मुलाने रजा घेतली. पहाटे सून उठण्यापूर्वीच सासूबाईंनी आपल्या हाताने चहा करून घेतला. रिक्षात बसल्यावर ही गोष्ट बोलता बोलता निघाली, तेव्हा मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, “माय, तेथे चहाचं काही बोलू नको. अर्धा कप तर होता.”

रुग्णालयात भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी विचारले, “बा, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?” म्हातारीने मुलाकडे पाहिले. मुलाने छताकडे पाहिले. “खाल्लं काही नाही,” ती म्हणाली, “चहा तेवढा झाला.”

शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. मुलाच्या दृष्टीने दिवसाची मजुरी बुडाली, रिक्षाचे भाडे गेले, आणि हे सर्व अर्ध्या कपासाठी. तो चिडला यात आश्चर्य नाही. चिठ्ठीवर सूचना होती. सूचनेचे कारण मात्र कोणी लिहिले नव्हते. कारण ठाऊक नसलेला नियम माणूस आपल्या सोयीने वाकवितो, आणि आपण काही मोठे केले असे त्याला वाटतही नाही.

ते कारण असे आहे. जागा माणूस काही गिळताना श्वासनलिकेचे दार आपोआप मिटते. चुकून एखादा थेंब तिकडे गेलाच तर ठसका लागून तो बाहेर फेकला जातो. पूर्ण भूल दिली की हा पहारेकरी झोपी जातो. अशा वेळी पोटात अन्न असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत आणि तेथून फुप्फुसांत उतरू शकते. त्याबरोबर जठरातील आम्लही जाते आणि फुप्फुसांच्या नाजूक त्वचेला भाजल्यासारखी इजा होते. १८४६ सालच्या ऑक्टोबरात बोस्टन येथे ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. परंतु पोट रिकामे असण्याचे महत्त्व पूर्णपणे पटावयास पुष्कळ काळ जावा लागला. १९४६ साली अमेरिकेतील डॉक्टर कर्टिस मेंडेल्सन यांनी बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांची हजारो प्रकरणे तपासून हा धोका स्पष्टपणे मांडला. फुप्फुसांच्या या विकाराला त्यांचेच नाव मिळाले.

दुधाचा चहा हा पाण्यासारखा पातळ दिसतो, तरी जठरात गेल्यावर दूध नासते, घट्ट होते आणि अन्नासारखेच रेंगाळते. म्हणून हलके जेवण आणि दूध यांसाठी साधारणपणे सहा तासांचे अंतर धरले जाते, तळकट-तुपकट जेवणासाठी त्याहून अधिक, अंगावर पिणाऱ्या तान्ह्या मुलासाठी आईच्या दुधानंतर चार तासांचे, आणि स्वच्छ पाण्यासाठी केवळ दोन तासांचे. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्येच घन अन्न आणि पातळ पेय यांत असा भेद केला होता. या शेवटच्या आकड्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे, कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. चहा पिणाऱ्या आजीबाई जशा असतात, तशाच आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या असतात. निर्जळी एकादशी घडली याचे पुण्य लागो वा न लागो, शरीर मात्र सुकते, शीर सापडेनाशी होते आणि मधुमेही माणसाला तर चक्कर येते. ‘उपाशी म्हणजे किती वाजल्यापासून, आणि पाणी किती वाजेपर्यंत?’ हे दोन प्रश्न चिठ्ठी हाती घेतानाच विचारून त्यावर घड्याळाची वेळ लिहून घ्यावी. प्रत्येक रुग्णासाठी ती वेळ त्याचे डॉक्टर ठरवितात. शेजारणीची वेळ आपल्याला लागू पडत नाही.

शिवाय प्रत्येक तपासणीला उपासच लागतो असेही नाही. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी जावे लागते, पण गर्भाशय किंवा मूत्राशय पाहावयाचे असल्यास उलट पाणी पिऊन लघवी रोखून जावे लागते. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी असेल तर आदल्या दिवशी औषध घेऊन पोट पूर्ण साफ करावे लागते; ते औषध अर्धे टाकून दिले तर तपासणीच वाया जाते. एमआरआयच्या यंत्रात प्रचंड लोहचुंबक असते. तेथे मंगळसूत्र, साडीच्या पिना, हातातले कडे घरीच ठेवून जावे आणि छातीत पेसमेकर किंवा शरीरात धातूचा तुकडा बसविलेला असेल तर ते आधी सांगावे. बोटांना नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असली तर प्राणवायूचे प्रमाण मोजणारा चिमटा फसण्याचा संभव असतो. बायकांना ही सूचना बहुधा लग्नसराईतच मिळते.

रोजच्या गोळ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. रक्तदाब, मधुमेह आणि विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वी चालू ठेवावयाच्या की थांबवावयाच्या, याचे उत्तर सर्वांना एकच नसते. रक्त पातळ करणारी गोळी चालू राहिली तर रक्तस्राव होतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसविलेल्या माणसाने ती मनानेच बंद केली तर तेथे गुठळी होऊ शकते. म्हणून गोळी लपवूही नये आणि स्वतः न्यायाधीश होऊन बंदही करू नये. काढा, चूर्ण, गावच्या वैद्याची पुडी ही ‘औषधे नव्हेत’ अशी समजूत करून घेऊन ती सांगितली जात नाहीत, हेही चुकीचे.

औषध मनाने घेण्याची सवय किती खोल आहे, हे कतारगामच्या परिसराने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. १९९४ च्या सप्टेंबरात शेजारच्या वेड रोड भागात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी उठली, आणि लक्षावधी माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. कोणी किती घेतल्या, कशासाठी घेतल्या, याचा हिशेब कोणाजवळ नव्हता. त्या दिवसांतली भीती खरी होती. परंतु भीती ओसरल्यावरही खिशातून गोळी काढून तोंडात टाकण्याची रीत तशीच राहिली.

आता जी गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते आणि फाइलीतही सापडत नाही, तिच्याकडे वळले पाहिजे. खानदेशातल्या कितीतरी बायका तव्यावर तंबाखू भाजून, कुटून तिची मिसरी दातांना लावतात. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि मनाला लागेल तेव्हा. हिऱ्याच्या कारखान्यांत तरुण मुलांच्या गालात मावा असतो. डॉक्टरांनी व्यसन आहे काय असे विचारले की दोघेही ‘नाही’ म्हणतात. म्हातारीच्या मते मिसरी हे व्यसन नव्हे, दात घासणे आहे. आणि तरुणाला आई शेजारी बसलेली असताना उत्तर देता येत नाही. येथे प्रश्न नीतीचा नाही. सुपारी-तंबाखू वर्षानुवर्षे चघळल्याने तोंडाच्या आतली कातडी आक्रसते आणि जबडा पुरता उघडेनासा होतो. पूर्ण भूल दिल्यावर श्वासासाठी नळी घालावयाची ती याच तोंडातून. तोंड किती उघडते हे आधी कळले तर भूलतज्ज्ञ वेगळी साधने जवळ ठेवतात. रुग्ण झोपल्यावर कळले तर प्रत्येक क्षण मोलाचा असतो. असा प्रश्न विचारला जाताना घरातील इतर माणसांनी जरा बाहेर जाऊन उभे राहावे. खरे उत्तर मिळण्यास तेवढी सोय पुष्कळदा पुरते.

श्रोत्यांपैकी ज्यांची शस्त्रक्रिया झाली असेल त्यांना आठवेल, की नाव काय, कशाचे ऑपरेशन, कोणती बाजू, कोणत्या औषधाची ॲलर्जी, हे प्रश्न तीन-तीन माणसे येऊन विचारतात. आपले कागद यांनी वाचलेच नाहीत काय, असा राग रुग्णाच्या मनात येतो. वस्तुतः ते विसरभोळेपणाचे नव्हे, काळजीपूर्वक बसविलेल्या पद्धतीचे लक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक तपासयादी तयार केली. त्या कामाचे नेतृत्व करणारे शल्यविशारद अतुल गावंडे अमेरिकेत जन्मले असले, तरी त्यांचे वडील महाराष्ट्रातल्या उटी या खेड्यातील शेतकरी घराण्यातले. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली आणि २००९ च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले: शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडवरून शेकडा ०.८ वर आले होते. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही; विचारणे आणि उत्तर देणे एवढेच. पण त्यातील उत्तर देण्याचा भाग रुग्णाकडे आहे, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावरही ते पहिल्या वेळेसारखेच पूर्ण दिले पाहिजे.

संमतिपत्राची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. आई शुद्धीवर, समजूतदार, समोर बसलेली. आणि सही मुलाची, तीही न वाचता, हे दृश्य नेहमीचे आहे. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती ही त्याचीच असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितले, की एका तपासणीसाठी दिलेली संमती ही जीव वाचविण्याची निकड नसताना दुसऱ्या शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही, आणि संमतीपूर्वी उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके रुग्णाला समजतील असे सांगितले पाहिजेत. कागद गुजरातीत किंवा इंग्रजीत असेल तर तो वाचून, अर्थ सांगून घेण्यात संकोच नसावा. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नोंदींच्या प्रतीही मागाव्यात. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्यावयाच्या असतात.

पैशाच्या बाबतीत गैरसमज दोन. आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांच्या संरक्षणाने सुरू झाली आणि गुजरातने २०२३ साली ती मर्यादा दहा लाखांवर नेली. परंतु ती रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे, बाह्यरुग्ण विभागातील नुसत्या तपासणीचा खर्च तिच्यातून निघत नाही. दुसरे असे, की गावाकडे या योजनेत नाव असलेल्या माणसाला दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयातही लाभ मिळू शकतो. म्हणून मूळ कार्ड आणि आधार गावाच्या ट्रंकेत ठेवून येऊ नये, आणि दोहोंवरील नावे जुळतात की नाही हे तारखेच्या आधी पाहावे. ‘सखुबाई’ आणि ‘सखूबाई’ यांतील एका वेलांटी-उकाराने खिडकीवरचा अर्धा दिवस जाऊ शकतो.

त्या घरात दुसरी तारीख मिळाली ती दहा दिवसांनंतरची. निघण्यापूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी मुलाला बाजूला बसवून अर्ध्या कपाचे कारण सांगितले होते. कारखान्यात घंटीवर परतल्यावर त्याने ते शेजारी बसणाऱ्या तिघांना सांगितले. घरी सुनेने सातवीतल्या मुलाला वहीचे एक कोरे पान घ्यावयास लावले. वर आजीचे नाव आणि वय. खाली आजार कधीपासून, होऊन गेलेली दुखणी, चालू गोळ्या पाकिटावरून अक्षरे पाहून उतरविलेल्या, कशाची ॲलर्जी. शेवटी नातवाने विचारले, “आजी, व्यसन काय लिहू?”

“काही नको लिहू,” आजी म्हणाली.

सून चुलीशी होती. तिला ठाऊक होते, नातवालाही ठाऊक होते; डबी खिडकीतच होती. त्याने ती जागा मोकळी सोडली.

दुसऱ्या तारखेच्या आदल्या रात्री जेवण नऊला उरकले आणि चहाची भांडी सुनेने माळ्यावर टाकली. रात्री निजताना पाण्याची शेवटची वेळ चिठ्ठीवर पुन्हा एकदा पाहिली गेली. रुग्णालयात त्याच डॉक्टर बाई होत्या. वहीचे पान त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचले आणि मोकळ्या जागेशी थांबल्या. “बा, तंबाखू वगैरे?”

मुलगा उठून दाराबाहेर गेला.

“मिसरी लावते,” म्हातारी म्हणाली. “लग्न झालं तेव्हापासून. आज नाही लावली.”

डॉक्टर बाईंनी ते त्या मोकळ्या जागेत लिहिले, तोंड उघडावयास सांगितले, तीन बोटे उभी मावतात हे पाहिले, आणि खालचे हलणारे दात किती ते मोजू लागल्या.